मोकळ्या मानेची लेन्स

माघातल्या एका बाजाराच्या दिवशी, दुपारी साडेबाराच्या सुमारास, भोरच्या एसटी स्टँडमागच्या एका फोटो स्टुडिओत माझ्या वडिलांनी माझ्यासाठी एक जुनी झूम लेन्स घेतली. व्यवहार आठ दिवसांच्या बोलीवर झाला. पुढच्या बाजाराच्या दिवशी, बाजार उठायच्या थोडं आधी, ती लेन्स त्याच काउंटरवर परत गेली आणि तिच्या बदली दुसरी, तिच्या निम्म्याहून कमी वजनाची, घरी आली. मधल्या आठ दिवसांतलं काही मी तेव्हाच वहीत टिपलं होतं. बाकीचं आठवणीतून लिहिते आहे. जिथे खात्री नाही, तिथे तसं म्हटलं आहे.

आमची वस्ती वेल्ह्याच्या वरच्या अंगाला डोंगरात होती. घरं सात, माणसं चाळीसच्या आत, गुरं आणि शेरडं त्याच्या चौपट. गाडीरस्ता नव्हता. एसटी धरायची तर दीड तास उतरायचं आणि परत येताना दोन तास चढायचं. एवढ्या वाटेवर दूध टिकत नाही, म्हणून दुधाचा खवा करायचा आणि तो भोरच्या मिठाईवाल्याला बाजाराच्या दिवशी पोचवायचा, हा आमच्या घराचा धंदा. पहाटे चारपासून आई कढईवर बसायची. लोखंडी उलथनं कढईच्या तळाशी घासल्याचा खर्रर्र खर्रर्र आवाज हेच आमचं घड्याळ होतं. तो आवाज जड झाला की खवा आळत आला, आणि थांबला की आम्ही उठायचं. कढईला चिकटलेली खरवड नाचणीच्या गरम भाकरीवर घालून मिळायची. ती मला अजून आठवते. पुण्यात ती कुठेही मिळत नाही, आणि मिठाईच्या दुकानात विचारलं तर लोक चमत्कारिक नजरेने बघतात. खवा अॅल्युमिनियमच्या डब्यात भरला जायचा. डब्याचं झाकण वाटेत उघडू नये म्हणून वडील त्यावर सायकलच्या ट्यूबची कापलेली पट्टी ताणून बसवायचे. या पट्टीचा उल्लेख पुढे येणार आहे.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. खवा आईचा आणि जनावरांची खरेदी-विक्री आबांची, अशी वाटणी होती. जनावर बघायला आजूबाजूच्या वस्त्यांवरून त्यांना बोलावणं यायचं. ते आधी जनावर उचलून भार बघत, मग तोंड उघडून दात बघत, मग डोक्यावर तळवा ठेवून मान खाली दाबत. मान सहज खाली गेली तर जनावर निरोगी. आखडली तर कितीही देखणं असलं तरी ते तिथेच सोडून देत. त्यांच्या माहितीत या तिसऱ्या परीक्षेने त्यांना कधी फसवलेलं नव्हतं.

मी त्या वेळी वीस वर्षांची होते. भोरला मामांकडे राहून बारावी केली होती, आणि दोन लग्नसराया नानांच्या, म्हणजे एसटी स्टँडमागच्या त्याच, स्टुडिओत अल्बम चिकटवणं, दिवा धरणं, कॅसेटवर नावं लिहिणं अशी कामं केली होती. त्या कामाच्या मोबदल्यात नानांनी मला एक वापरलेला कॅमेरा दिला. नुसती बॉडी; लेन्स नव्हती. बॉडी व्हिडिओ काढणारी होती, पण पुढची काच नसलेला कॅमेरा म्हणजे झाकण नसलेला डबा. मी गरज पडेल तशी लेन्स मागून आणायचे.

त्याच सुमारास पुण्याच्या एका वृत्तवाहिनीला भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांसाठी बातमीदार हवा होता. पगार नाही, बातमीमागे मानधन. मी चित्रणाचा एक नमुना पाठवला. वाहिनीच्या समन्वयक बाईंनी फोन केला. त्यांचं बोलणं मी वहीत जसंच्या तसं लिहून ठेवलं आहे. "तुमची पकड चांगली आहे, पण हे लग्नाच्या कॅसेटसारखं आहे. सारखं आत-बाहेर, आत-बाहेर. बघणाऱ्याला भोवळ येते. मला तुमच्या भागातला एक शॉट द्या. वीस सेकंद, सलग, न हललेला. पुढच्या गुरुवारी संध्याकाळपर्यंत. सारोळ्याचा एक मुलगा आहे, त्याच्याकडे मोटरसायकल आहे. त्याचाही शॉट येणार आहे. दोघांपैकी एकालाच घेणार." मी हो म्हटलं. त्या दिवशी माझ्याकडे कॅमेऱ्याला लेन्स नव्हती, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आबांनी दोन बोकड विकले आणि बाजाराच्या दिवशी मला घेऊन नानांच्या दुकानात गेले. नानांचं वय साठीच्या पुढे. भोर तालुक्यातली दोन पिढ्यांची लग्नं त्यांनी काढलेली होती, तीही टेपच्या खांद्यावरच्या कॅमेऱ्याने. लेन्सेस त्यांच्याकडे महिन्यापूर्वीच आल्या होत्या, पुण्यातल्या कुणी धंदा बंद केला त्याच्याकडून. काउंटरवर त्यांनी दोन ठेवल्या. एक मोठी: अठरा ते दोनशे. म्हणजे एका टोकाला सगळं अंगण मावतं आणि दुसऱ्या टोकाला समोरच्या डोंगरावरचं शेरडू ओळखू येतं. दुसरी लहान: अठरा ते पंचावन्न. अंगण तेवढंच मावतं, पण डोंगरावरचं शेरडू शेरडूच राहतं. कुणाचं ते कळत नाही. ती मुठीत मावत होती.

"ही घ्या मामा," नाना मोठीवर हात ठेवून आबांना म्हणाले. "ती बारकी म्हंजे पिल्लू हाय. ती लावून गेली तर लोक म्हणतील, पोरगी सहलीला आलीय."

आबांनी दोन्ही हातांत दोन लेन्स घेऊन तोलल्या. मोठीकडे हात झुकला. मग त्यांनी तिच्या पुढच्या काचेत, मागच्या काचेत बघितलं, दात बघावेत तसं. मग तिचं तोंड जमिनीकडे केलं. झूमबरोबर पुढेमागे सरकणारी आतली नळी हळूहळू, आपोआप, बाहेर आली आणि टोकापर्यंत गेली. आबांनी लेन्स वर केली. नळी आत गेली. पुन्हा खाली, पुन्हा बाहेर.

"मान मोकळी हाय," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "आखडल्याली न्हाई. बघ कशी जात्या."

मलाही ते बरं वाटलं. टेपच्या कॅमेऱ्याचं झूम अडखळत फिरायचं, हे लोण्यासारखं फिरत होतं. लांब पल्ला, गुळगुळीत झूम, मोठी काच: बातमीदाराला यापेक्षा काय हवं, असं मला वाटलं. चूक एकट्या आबांची नव्हती, हे इथे नोंदवलं पाहिजे.

"खोड?" आबांनी नानांना विचारलं. बाजारात हा प्रश्न विचारावाच लागतो. विचारला नाही तर विकणाऱ्यावर सांगायचं बंधन नसतं.

"माझ्या बघण्यात तरी न्हाई," नाना म्हणाले. त्यांनी लेन्स पूर्वी वापरली नव्हती, त्यामुळे हे खरं असावं.

"मग आठ दिसाच्या बोलीवर. बाजार ते बाजार. खोड निगाली तर माघारी."

"जसं न्ह्यालं तसं आणायचं पण. अंगावर नवी खूण नको."

"कबूल."

आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढून दोघांच्या हातांवर टाकला आणि टॉवेलखाली बोटांच्या खुणांनी सौदा झाला. कुणी किती बोटं दाबली, ते मला तेव्हा कळलं नाही आणि नंतर कुणी सांगितलं नाही.

पुढचे सात दिवस मी ती लेन्स घेऊन वस्तीच्या भोवती फिरले. आता मोजून सांगता येतं: कॅमेऱ्यासकट ओझं सव्वा किलोच्या आसपास होतं, आणि चढावर तासाभरानंतर ते हातात जाणवायचं. शेरडं कॅमेरा समोर आला की फुस्स करून पांगायची. मोठी काळी काच त्यांना डोळ्यासारखी वाटत असावी. चुलीपाशी झूम पुढे नेलं की चित्र काळवंडायचं. समोरचा डोंगर मात्र फार छान येत होता. डोंगर हलत नव्हता, पण माझा हात हलत होता, आणि दोनशेच्या टोकाला हाताचा एवढासा कंप भूकंपासारखा दिसत होता. वीस सेकंदांचा एकही शॉट जमला नाही. आणखी एक गोष्ट वहीत आहे. पिशवीतून काढली की लेन्सची नळी नेहमी बाहेर आलेली असायची. मला वाटलं, आई हाताळत असेल.

"म्या कशाला हात लावू तुझ्या तोफंला?" आई उलथन्यावरचा हात न थांबवता म्हणाली. "मला माझी कढई हाय."

आठव्या दिवशी, बाजाराच्या दिवशी, आबा आणि मी खव्याचा डबा घेऊन उतरलो. कापूरहोळला गाडी बदलून भोरला पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. लेन्स ठेवायची, असंच आमचं ठरलं होतं. खोड सापडली नव्हती. शॉट जमत नाही, तो माझा दोष, अशी माझी समजूत होती. मिठाईवाल्याकडे डबा रिकामा करत असताना एक टेम्पोवाला दुकानात पाणी प्यायला आला आणि म्हणाला, "आंबवड्याच्या अलीकडं हिरीत बिबट्या पडलाय. वनखात्याची गाडी आत्ता गेली."

आबांनी माझ्याकडे बघितलं. "न्हेतो का रं आमाला?" त्यांनी टेम्पोवाल्याला विचारलं.

"बसा मागं. पर म्हातारबा, खाली वाकू नका. त्याला आज न्ह्यारी मिळाली न्हाई."

रिकामा डबा आबांच्या मांडीवर होता. विहीर एका शेताच्या कडेला होती. बांधलेली, गोल, कमरेइतक्या कठड्याची. भोवती दीड-दोनशे माणसं. वनखात्याची माणसं लोकांना मागे सारत होती आणि लोक पुन्हा पुढे येत होते. एक जण आंब्यावर चढला होता आणि खालून दुसरा त्याला सांगत होता, "पडलास तर त्याला जोडीदार मिळंल, उगी एकटा वरडतोय." बिबट्या पाण्यात पोहून दमला होता आणि भिंतीतल्या एका दगडाला पंजे लावून होता. वनखात्याच्या लोकांनी आधी चार दोरांना बांधून एक बाज खाली सोडली. तो तिच्यावर चढून बसला. भिजलेला, लहान दिसत होता. आता पिंजरा आणत होते.

मी कठड्यापाशी जागा केली. आबांनी टॉवेलची घडी करून कठड्यावर ठेवली आणि मी तिच्यावर कॅमेरा टेकवून तोंड खाली केलं. अठरावर लावल्यावर सगळं दिसत होतं: गोल विहीर, चार दोर, दोर धरलेले हात, मध्ये बाज, बाजेवर बिबट्या. मी रेकॉर्डिंग सुरू केलं. तीन सेकंदांत चित्र आपोआप पुढे सरकू लागलं. हात गेले, दोर गेले, सातव्या सेकंदाला पडद्यावर फक्त बिबट्याची पाठ उरली आणि मग तीही अस्पष्ट. मी झूम मागे घेतलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी डाव्या हाताने नळी घट्ट धरली. नळी थांबली, पण हाताबरोबर सगळी विहीर थरथरू लागली.

"काय झालं?" आबांनी विचारलं.

"आबा, नळी खाली येतीया. आपोआप."

त्यांनी लेन्सकडे बघितलं. पिंजरा तोवर कठड्यावर आला होता. "मान," ते म्हणाले. एवढंच. मग त्यांनी पायाशी ठेवलेल्या डब्यावरून ट्यूबची पट्टी सोडवली. ती तुपकट होती, त्यामुळे सरकली असती. त्यांनी ती बांधावरच्या कोरड्या मातीत दोन-तीनदा चोळली, फुंकली, आणि ताणून लेन्सवर चढवली: अर्धी झूमच्या कड्यावर, अर्धी मागच्या अंगावर. झूम जिथे होतं तिथे पक्कं बसलं. अठराच्या किंचित पुढे. आता ते पुढेही जात नव्हतं आणि मागेही.

"आता फिरवायचं न्हाई," ते म्हणाले. "हितंच ऱ्हाऊ दे."

मी कॅमेरा टॉवेलच्या घडीत घट्ट बसवला, त्याचा पट्टा गळ्यात अडकवला, रेकॉर्डिंग पुन्हा सुरू केलं आणि दोन्ही हात काढले. पिंजरा दोराने खाली गेला, बाजेला टेकला. बिबट्या उठला, एक पाय उचलला, परत ठेवला. मग तो एकदम पिंजऱ्यात शिरला आणि दार पडलं. विहिरीतून तो आवाज मोठा होऊन आला. सलग शॉट सव्वा मिनिटाचा होता. त्यात झूम नव्हतं आणि एकदाही चित्र हललं नव्हतं.

"वाघरानं माझी तीन शेरडं न्ह्यालीत," परतताना टेम्पोत आबा म्हणाले. "पर हिरीत लई गरीब दिसत हुतं."

भोरला आलो तेव्हा साडेतीन वाजले होते. आबा थेट नानांच्या दुकानाकडे निघाले. मी वाटेतच पट्टी काढली, आणि तेव्हा दिसलं की मातीच्या कणांनी लेन्सच्या अंगावर बारीक पांढरे ओरखडे उठले आहेत, गोल, कड्याच्या पूर्ण भोवती. बोली मोडली होती. मी आबांना दाखवलं. त्यांनी अंगठा फिरवून बघितला आणि चालत राहिले.

नानांनी लेन्स हातात घेतली. "खोड काय?"

"मान धरत न्हाई. लई मोकळी हाय."

"त्या दिशी तुमीच म्हणला, मामा. मान मोकळी हाय, आखडल्याली न्हाई. ह्याच जाग्यावर हुबं ऱ्हाऊन."

"व्हय. म्याच म्हणलो. शेरडीला ते बरं. हिला न्हाई."

नाना हसले. मग त्यांनी लेन्स उजेडाकडे धरली आणि हसायचे थांबले. "आन् ह्यो ओरखडा? ह्यो न्हवता."

"न्हवता," आबा म्हणाले. "तो आमचा."

नानांनी लेन्स काउंटरवर ठेवली आणि आमच्याकडे सरकवली. ते योग्यच होतं; बोली दोन्ही बाजूंची असते. ही लेन्स घेऊन मी त्या एका विहिरीवरचा शॉट काढू शकले होते, पण पुढच्या प्रत्येक बातमीला ट्यूबची पट्टी लावणं शक्य नव्हतं, आणि दुसरी घ्यायला घरात तिसरा बोकड नव्हता. मग नानांनी मला विचारलं, "हिच्यावर काय काढलंस तरी?"

मी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर शॉट दाखवला. त्यांनी चष्मा वर सरकवून बघितला. सव्वा मिनिट.

"झूम कुठंय?"

"झूम नाही, नाना."

"अजाबात न्हाई?"

"नाही."

त्यांनी पुन्हा लावायला सांगितला आणि पुन्हा पूर्ण बघितला. मग काउंटरखालून लहान लेन्स काढून आबांसमोर ठेवली आणि हात पुढे केला. आबांनी टॉवेल टाकला. या वेळी टॉवेलखाली बराच वेळ गेला. त्यानंतरच्या चार बाजारांना आबांनी नानांच्या घरी खव्याचा एकेक गोळा पोचवला, एवढं मला माहीत आहे. तो सौद्यातला होता की नाही, हे विचारायचं राहिलं. दोघंही आता नाहीत.

दुकानातून निघण्याआधी आबांनी लहान लेन्सचं तोंड जमिनीकडे केलं आणि तशीच धरून मनात शंभर मोजले. ओठ हलताना दिसत होते. नळी जागची हलली नाही. मग त्यांनी ती उलटी केली, हलकेच झटकली, आणि पुन्हा बघितलं. "भार न्हाई," ते म्हणाले, "पर मान धरती."

पुढे ती लेन्स मी नऊ वर्षं वापरली. शेरडं तिला बिचकत नव्हती, आणि माणसं तर तिच्याकडे बघतच नव्हती. समोरचा माणूस बोलत राहायचा. आज डेस्कवर नवी मुलं लेन्स कोणती घ्यावी म्हणून विचारतात. मी त्यांना किती लांबचं दिसतं ते सांगत नाही. झूम मध्यावर लावा, तोंड खाली धरा आणि शंभर मोजा, एवढंच सांगते.

विहिरीचा शॉट मी लेन्स बदलली त्याच दिवशी भोरच्या इंटरनेटच्या दुकानातून पाठवला. फाईल जायला एक तास चाळीस मिनिटं लागली आणि शेवटची गाडी चुकली. रात्री मामांकडे राहून दुसऱ्या दिवशी वस्तीवर आलो. गुरुवारी दुपारी समन्वयक बाईंचा फोन आला. त्यांनी नाव कसं लिहायचं ते विचारलं, विहिरीचं गाव विचारलं आणि ठेवून दिला. संध्याकाळी आबा आणि मी वेल्ह्यापर्यंत उतरलो. एसटी थांब्यासमोरच्या चहाच्या हॉटेलात टीव्ही होता. सात वाजून अकरा मिनिटांनी विहीर दिसली. शॉट बावीस सेकंद चालला. खालच्या पट्टीवर माझं नाव होतं आणि त्याच्यापुढे 'भोर-वेल्हे प्रतिनिधी' असं लिहिलेलं होतं.